बाटली बोलणा नाय

माझ्या घरातून काढ्याची बाटली गेली की परत येत नाही. कोकम आगळाच्या रिकाम्या बाटल्या मी वर्षभर धुऊन, उन्हात पालथ्या घालून जमवते आणि एका फ्लूच्या साथीत त्या वाडीभर पांगतात. मग कोणी त्यात फिनेल ठेवतं, कोणी मनीप्लांट लावतं! बाटली जाते आणि मागे किस्सा राहतो. बाटल्या संपल्या, किस्से काही संपले नाहीत. त्यातले यंदाच्या गणपतीतले सांगते. हसा खुशाल, पण खोकला आला तर तोंडावर रुमाल धरा!

मी इंदू. मिठबावच्या बाजूला, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही, अशा वाडीत राहते. झाडपाला सासूनं शिकवला. वाचायला माझी मीच शिकले, त्यामुळे माझी चूक काढायला मास्तर कधी नव्हताच! काढा साधा. गवती चहा, आलं, तुळस, तिखी म्हणजे आमच्याकडची दालचिनी, मिरी आणि वरून गूळ. साखरेवाल्यांना गूळ नाही. त्यानं घसा सुटतो, ठणका हलका होतो, डोळा लागतो. फ्लू मात्र त्याच्या त्याच्या पायानं जातो. काढ्यानं फ्लू पळतो असं मी कधी म्हटलं नाही आणि कोणी म्हटलं तर त्याला मी पळवते!

सासूचा एक नियम होता, तोच माझा. औषध न मागता द्यायचं नाही. आणि मागायचं ते आजारी माणसानं, स्वतःच्या तोंडानं. उठवत नसेल तर मी खाटेपाशी येईन, पण मागायचं त्यानंच. लोक म्हणतात, म्हातारीला माज आहे. आहेच! पण हा नियम माजाचा नाही.

* * *

यंदा गणपती पाटावरून आला आणि फ्लू चाकरमान्यांच्या गाडीतून.

आमच्याकडे आरती एका घरात होत नाही. सगळी वाडी टाळ-मृदंग घेऊन या घरातून त्या घरात जाते. प्रत्येक घरी प्रसाद, चहा, खेटून बसणं. फ्लूला याहून चांगली सोय कोणती? शेजारचा विनय, मुंबईत कॉम्प्युटरवर काम करणारा, पहिल्याच आरतीला शिंकत आला. म्हणे, "ॲलर्जी आहे, काकी." ती ॲलर्जी घरोघर आरती करत फिरली आणि सगळी वाडी नाक ओढायला लागली.

बाबल आमचा मृदंगवाला. आवाज नगाऱ्यासारखा, आणि खोटं बोलतानाही तोच आवाज लावतो. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्या दिवशी त्यानं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायांकडे सगळी लेकरा जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. निम्मे खोकले.

"जो कोण मुंबैसून हो फ्लू घेवन इलो हा, तेका तो परत मुंबैक घेवन जावची बुद्धी दी रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्यानं विनय ओरडला. लक्ष फोनमध्ये!

जो हशा झाला! त्या हशात बायकांच्या बाजूनं एक खोकला आला. कोरडा, आडाळ्यावर नारळ खवल्यासारखा. मी मान वळवली नाही. खोकला सुशीचा होता, आणि सुशीकडे मान वळवायची नाही हे आमचं फार जुनं ठरलेलं आहे.

* * *

सुशी माझी धाकटी जाऊ. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. दोघींचे नवरे वारले, मुलं बाहेरगावी. म्हणजे आजूबाजूला बोलायला माणूस एकच, आणि त्याच्याशीच अबोला!

झालं एवढंच की सासू गेल्यावर सुशी म्हणाली, "औषध काय थोरल्या सुनेच्या एकटीचा?"

मी म्हटलं, "तुझा पण आसा. मागून घी."

चुकले काय मी? सासूचाच नियम सांगितला. पण तिचं माहेर वालावलचं, देवळाशेजारी तळं आहे तिथलं. माणसंही त्या तळ्यासारखी, वरून शांत आणि आत तळ लागत नाही! ती फणकारली, "मरतलंय, पण मागूचंय नाय!" त्या दिवसापासून तिच्या तोंडून मला 'वयनी' ही हाक आली नाही.

काम मात्र कोणाचं अडलं नाही. सुशीची एक कोंबडी आहे, चंपी. ती दिवसभर गडग्यावर. जे बोलायचं ते आम्ही चंपीशी बोलतो.

"चंपे, कोणाची तरी झावळी माझ्या छपरार पडली हा. कोणाक आवाज येवक नाय?"

"चंपे, ज्येचा छप्पर तेणा वर बघूचा."

त्या आरतीनंतर दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून पुन्हा तो खोकला आला, पण आता कोरडा नव्हता. मी दाणे टाकता टाकता म्हटलं, "चंपे, हयसर काढो उकळता हा. कोणाक व्हयो असात तर तोंड आसा."

हे देणं नव्हे. कोंबडीला माहिती दिली.

पलीकडून उत्तर आलं, "चंपे, आमका साधी धूळ लागली हा."

भादव्यात, पावसात, धूळ!

* * *

विनयला घरी सांगितलं असणार की काकीकडे काढा मिळतो. नियम सांगितला नसणार. सकाळी बघते तर माझ्या पायरीवर रिकामी बाटली, तिला रबरबँडनं चिठ्ठी लावलेली, 'विनय, अर्धा लिटर.' जसं काही दूधवाल्याला!

मी बाटली उचलली, पालथी घातली आणि आत गेले.

दुपारी आला. डोळे लाल, नाक त्याहून लाल. "काकी, मी बाटली ठेवली होती."

"बघितलंय."

"मग काढा?"

"बाटली काय बोलाक नाय."

"चिठ्ठी होती ना!"

"चिठ्ठयेक ताप इलो काय? बाटली बोलणा नाय रे मेल्या! ज्येचो घसो दुखता, तेणा बोलूचा."

तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, मग हात जोडून मराठीत म्हणाला, "काकी, माझा घसा दुखतो, अंग मोडून आलंय, रात्रभर झोप नाही, प्लीज मला काढा द्या!"

एका दमात बोलला. मी बाटली भरली.

गडग्यापलीकडे कोणीतरी हसलं. हसता हसता खोकलं, आणि तो खोकला थांबायलाच तयार नव्हता. विनय म्हणाला, "सुशीकाकींना पण द्या ना."

मी म्हटलं, "तिका तोंड नाय?"

* * *

'एका दमात' हे मी मुद्दाम बघते. ते मला सासूनं नाही शिकवलं, आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीनं शिकवलं. नातीच्या वयाची पोर. गेल्या साथीत माझ्या पडवीत येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "आजी, काढ्यानं फ्लू बरा होत नाही."

"तुझ्या गोळयेन होता?"

"ह्या गोळीनं ताप उतरतो."

"माझ्या काढ्यान घसो सुटता."

"मग आपलं दोघींचं सारखंच की!"

"सारखा कसा? माझ्या काढ्याक गूळ आसा!"

हसली, पण सोडलं नाही. म्हातारी माणसं, गरोदर बायका, दम्याचे, साखरेचे, यांना काढा द्या नाहीतर नका देऊ, आधी माझ्याकडे पाठवा, त्यांना वेगळं औषध लागू शकतं. आणि बोलता बोलता दम तुटला, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागला, किंवा उतरलेला ताप फिरून चढला, तर काढा तिथंच ठेवा आणि गाडी बोलवा.

मी सहसा कोणाचं ऐकत नाही. हिचं ऐकलं, कारण तिनं माझ्या चुलीला नाक मुरडलं नाही आणि माझी भीडही धरली नाही. मग माझ्या लक्षात आलं, आमच्या नियमाला आता आणखी एक अर्थ आला. मागायला आलेला माणूस बोलतो, आणि बोलला की दम कळतो. निरोपाला दम नसतो. म्हणून बाटली चालत नाही!

तेव्हा ती जाताना म्हणाली होती, "तुमच्या जाऊबाईंनाही सांगा हं हे."

मी सांगितलं. चंपीला.

* * *

मधल्या मध्ये विनयचा वाफारा झाला. मी त्याला सांगितलं, टोपात गरम पाणी, निगडीचा म्हणजे निर्गुडीचा पाला, डोक्यावर चादर, तोंड फार जवळ न्यायचं नाही, टोप जमिनीवर हलणार नाही असा ठेवायचा. सगळं ऐकलं. फक्त चादरीत फोनही घेऊन बसला! म्हणे मित्रांना व्हिडिओ पाठवायचा आहे, 'कोकण स्पा'.

चादरीतून आवाज आला, डुबुक!

मी फोन पाल्यासकट काढला आणि माझ्या उकड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. संध्याकाळी विनय बघायला आला तेव्हा तो चालू झाला होता.

"काकी, आवाज आधीपेक्षा क्लिअर येतोय!"

"येतलोच. तेची पण सर्दी गेली!"

हे मी जरा मोठ्यानं बोलले, गडग्याच्या दिशेनं. एरवी अशा बोलण्यावर पलीकडून चंपीला एखादा टोमणा आलाच असता. आला नाही.

* * *

आता बाबल. त्यालाही फ्लू झाला. नियमानं आला, नियमानं मागितलं, नेलं. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. रोज दारात उभा राहून आधी खोकायचा, मग मागायचा. ताप नाही, नाक कोरडं, गालांवर तेज, आणि खोकला मात्र जात नाही!

मी त्याला डॉक्टरणीकडे पाठवलं. तिनं तपासून सांगितलं, ठणठणीत आहे. हा पुन्हा माझ्या दारात.

"खो, खो, खोक्! खो, खो, खोक्! काकी, वाईच काढो दी गो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हटलं, "परत खोक."

"खो, खो, खोक्!"

"आणि एकदा."

"खो, खो, खोक्!"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबल समेवर खोकत होता! मृदंगावर जन्म घालवलेला माणूस, खोटं खोकतानाही ताल सोडवेना त्याला.

"मेल्या, खरो खोकलो तालात येणा नाय! कोण पिता माझो काढो?"

बाबल पंच्याला पीळ घालत उभा. नजर तेवढी गडग्यावरून पलीकडे गेली.

पलीकडे सुशीचं घर!

"तिणा शपथ घातली हा, काकी," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला. "म्हणता, तू मागतस, मी मागूक नाय. म्हणजे माझो शबूद ऱ्हवलो."

"ताप आसा तिका?"

"होतो. मगे उतारलो. काल परत चढलो."

"आणि खोकलो?"

बाबलचा चेहरा उजळला. "सकाळसून एकदम बंद! काकी, तुझ्या काढ्यान काय गुण दिल्यान गो!"

* * *

गडग्याला एका ठिकाणी बेडं आहे, म्हणजे आडव्या बांबूंची वाट. इतकी वर्षं ते बांबू मी काढले नव्हते, ती काढत नव्हती. चिकटून बसले होते. मी ते खेचले, एक पायावर पडला, तो तसाच लाथेनं उडवला आणि तिच्या पडवीत चढले.

भर दुपारची वेळ, आणि तिच्या कोंबड्या उपाशी, दारात गोळा झालेल्या. सुशी आणि कोंबड्या उपाशी! मी ओळखलं, काही खरं नाही.

आत ती बाकड्याच्या कडेला बसलेली. झोपलेली नाही, टेकलेली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर जातायत, खाली येतायत. खिडकीत माझ्या आगळाच्या बाटल्या रांगेनं, वर केळीच्या पानाचं बूच. बूच मी वळते तसंच. माझ्याच काढ्यावर ही इतके दिवस बसून होती, आणि तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

"सुशी, दम लागता काय गो?"

ती भिंतीकडे बघत राहिली.

"सुशी, काय तरी बोल."

नाही बोलली.

आता सांगा, मी काय समजू? ही अबोल्यानं गप्प आहे की दमानं? दुसरा कोणी असता तर एका वाक्यात कळलं असतं. पण ही माझ्याशी बोलतच नव्हती! चांगली धडधाकट असतानाही बोलत नव्हती!

चंपी माझ्या मागून आत आली होती. मी तिच्याकडे वळले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावला.

"चंपे! वालावलच्या माणसांका माश्याचा सार जमणा नाय. नुसता पाणी! मीठ ना तिरफळ!"

हे वाक्य मी एरवी बोलले असते तर उत्तर समुद्रापर्यंत ऐकू गेलं असतं. सुशीची मान वळली. डोळ्यांत जाळ आला. तोंड उघडलं.

"चंपे... तिका... सां..."

पुढचं आलंच नाही. तोंड उघडंच राहिलं आणि गळ्याची शीर नुसती ताठ झाली. उजेडात ओठ बघितले, जांभळं खाल्ल्यासारखे.

जन्मात प्रथमच तिच्याशी भांडताना शेवटचा शब्द माझा झाला, आणि मी दाराकडे धावले.

"बाबल! विनयाक गाडी काढूक सांग!"

* * *

गाडी दारात आली. बाबल हात जोडून पुढ्यात उभा. "पयला देवाक गाऱ्हाणा घालतंय."

"गाडयेत बसून घाल!"

डॉक्टरणीला विनयनं फोन लावला, तोच, वाफारा घेतलेला. ती म्हणाली, सरळ तालुक्याच्या दवाखान्यात न्या, मी कळवते, बसवून न्या, आडवं करू नका, तोंडात काही घालू नका. विनय चाकावर, बाबल त्याच्या शेजारी, मागे मी आणि माझ्या खांद्याला टेकलेली सुशी. काचा खाली, सगळ्यांच्या तोंडाला फडकी.

रस्ता आमचा तुम्हाला माहीत नसेल तर बरंच आहे.

"बा देवा म्हाराजा, हो खड्डो चुकव रे म्हाराजा!"

गाडी धाडकन आपटली. "व्हय म्हाराजा!" विनयच्या तोंडून आपोआप निघालं.

"ह्या म्हातारेचो जीव ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोनय म्हाताऱ्यांका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विनय यावर जरा जास्तच जोरात ओरडला. त्याचा हिशोब मी नंतर केला.

सुशीची बोटं माझ्या मनगटाला घट्ट धरून होती. नखं रुतत होती. ती मध्येच तोंड उघडायची, काहीतरी सांगायला बघायची, आणि मी म्हणत होते, "बोलू नको. गप रव. बोलू नको गो!"

इतकी वर्षं ही बोलत नाही म्हणून जळत होते. आणि आता बघा!

* * *

दवाखान्यात डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजन लावता लावता विचारलं, "घरी काय काय दिलं?"

बाबल म्हणाला, "काय नाय, साधो चहा."

"काढो," मी म्हटलं. "माझो. आलां, तुळस, गवती चा, तिखी, मिरी, गूळ. रोज बाटलीभर. आणि ताप उतरान परत चढलो हा."

डॉक्टर म्हणाले, फ्लूवरून आता फुप्फुसात गेलंय. अजून घरी ठेवलं असतं तर... आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना दम लागला नव्हता.

मी तिथंच राहिले. पहिले दिवस ती नुसती श्वास घ्यायची आणि मी नुसती मोजायची. ऑक्सिजनच्या मुखपट्टीवर आतून वाफ आली की माझा श्वास सुटायचा. पुढे औषधं लागू पडली. एका सकाळी तिनं मुखपट्टी बाजूला केली, इकडे तिकडे बघितलं. चंपी शोधत असणार. चंपी नव्हती. मग तिची नजर सलाइनच्या खांबावर स्थिरावली.

"खांबा," ती त्याला म्हणाली, "तिका सांग, काढ्यात मिरी जास्त पडता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी काही ऐकून घेणारी नाही. "खांबा, तिका सांग, चोरून पिणाऱ्यान चवीक नावा ठेवू नयेत!"

"खांबा, मी चोरूक नाय. बाबलान मागून आणल्यान!"

"खांबा, माका सगळा म्हायती आसा!"

नर्सबाई बीपीची पट्टी घेऊन आली होती, ती दारातच थबकली. एकदा सुशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा खांबाकडे. आणि उलट्या पावली धावली.

"डॉक्टर! लवकर या! पेशंट बरळतेय! आणि नातेवाईकसुद्धा!"

* * *

सुशी घरी आली. चिकटलेले ते बांबू मी परत लावले नव्हते, तिनंही लावले नाहीत. बोलणं मात्र पुन्हा चंपीमार्फतच. सवय!

आणि नवरात्र आलं तशी मी पडले.

आधी जाऊन डॉक्टरणीला दाखवून आले. दुसऱ्याला शिकवायचं आणि स्वतः घरी बसायचं, असली नाही मी. तिनं छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून बघितला, फ्लूच आहे म्हणाली, छाती साफ आहे, गोळ्या घ्या, पेज प्या, पडून रहा, दम लागला तर त्याच क्षणी फोन. आले आणि पडले. अंग असं ठणकत होतं जसं कोणी उखळात घातलं. घशात माडाचे हीर टोचत होते. चुलीपर्यंत जाववेना. वाडीला काढा पाजणारी मी, आणि मला उकळून द्यायला घरात कोणी नाही!

सकाळी गडग्यापलीकडून वास आला. गवती चहा, आलं. मग तिखी. मग तुळस टाकल्यावर येतो तो. माझाच काढा. हिला कोणी सांगितलं? बाटलीभर पिऊन पिऊन तिनं तो जिभेनं वाचला होता!

मी पडून वास घेत राहिले. ती काही हाक मारीना. टोपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. पळी टेकल्याचा आला.

शेवटी उठले. भिंत धरत धरत पडवीत आले, आगळाची रिकामी बाटली घेतली आणि गडग्यावर नेऊन ठेवली. ठेवताना जरा आपटली, ऐकू जावी म्हणून. आणि आपल्या पायरीवर येऊन बसले.

सुशी बाहेर आली. काठीवर टेकत, अजून अशक्त, पण मान ताठ. तिनं बाटलीकडे बघितलं. बाटली उचलली, पालथी घातली, आणि कोंबडीला म्हणाली,

"चंपे, बाटली बोलणा नाय."

मी पदर तोंडाला लावला. खोकले. ती उभीच. माझ्या पायरीवर ऊन सरकत आलं, ती उभीच. तिच्या घरात काढा उकळतोय, वास येतोय, आणि ही गडग्याला टेकून उभी, जसा काही सगळा दिवस तिचाच आहे.

मी उठले. चंपीकडे बघितलं नाही.

"सुशी," मी म्हटलं. आवाज फाटका निघाला, मध्ये खोकला आला. "माझो घसो दुखता. माका... काढो दी गो."

वाडीत कुठंतरी बाबल मृदंग लावत होता, तोही थांबला असं मला वाटलं.

सुशीनं हातातली बाटली सरळ केली. काठी गडग्याला टेकवली. माझ्याकडे बघितलं, चंपीकडे नाही, माझ्याकडे, आणि म्हणाली,

"वयनी, मधी दम तुटलो तुझो. परत माग. एका दमात!"